वाटीतले अकरा वाटाणे

सकाळी काळे वाटाणे भिजत घातले, तर नवरा किचनमध्ये डोकावून म्हणाला, "वा, उसळ!" म्हटलं, "उसळ नाही. लात्व्हियासारखे करणार आहे."

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं लात्व्हियाला गेलो होतो. माझ्या दोहाच्या ऑफिसातली मैत्रीण तिथली. नाताळला आईकडे निघाली होती, म्हणाली, चला माझ्याबरोबर. मला कुठेतरी पळायचंच होतं. मूल व्हावं म्हणून घेतलेली ट्रीटमेंट दोनदा फसली होती आणि जानेवारीत तिसरी खेप होती.

तिथे नाताळच्या आदल्या दिवशी एक ओंडका दोरीने ओढत घराभोवती फिरवतात. सरत्या वर्षाची इडापिडा म्हणे त्याला चिकटते, मग तो जाळायचा. मी काही देवभोळी नाही, पण दोरी अशी ओढली की मैत्रीण ओरडली, "अगं, हळू, कुंपण पाडशील!"

मग जेवायला राखाडी वाटाणे. बाकीच्यांच्यात डुकराचं मांस होतं. मी शाकाहारी, म्हणून मैत्रिणीच्या आईने माझ्यासाठी नुसत्या परतलेल्या कांद्यावर वेगळे केले होते, चांगली मोठी वाटी भरून. नियम एकच, एकही उरता कामा नये. जेवढे वाटाणे उरतील तेवढे अश्रू नव्या वर्षात गाळावे लागतात.

मनात म्हटलं, बघतेच आता. पण ते पिठूळ वाटाणे घशाखाली उतरेनात. नवरा म्हणाला, "आण इकडे, मी खलास करतो."

"हात लावायचा नाही! माझे मीच खाणार."

शेवटी अकरा उरले. पोटात तसूभर जागा नव्हती. तेवढ्यात मैत्रिणीच्या आईने चमचा पुढे केला आणि अकराच्या अकरा खाऊन टाकले. अस्सा राग आला मला! मैत्रीण ओशाळून म्हणाली, "आई म्हणते, तुझे एवढे अश्रू माझ्याकडे राहू देत."

तिसऱ्या खेपेचा रिपोर्टही निगेटिव्ह आला. मी रडले नाही. माझी वाटी रिकामी झाली होती ना, मग रडायचं नाही म्हणजे नाही! नवऱ्याला म्हटलं, "यल्ला, गाडी काढ," आणि दोहातल्या आमच्या अबू हमूर भागात घरी येऊन कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मैत्रिणीला सांगितलं. तिने त्याच दुपारी आईला फोन केला आणि नंतर माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई खूप रडली गं. थांबेचना."

चौथ्या खेपेची तारीख जानेवारीतली मिळाली आहे. उद्या नाताळ, म्हणून आज वाटाणे मोजून भिजवलेत, माझ्या पोटात मावतील तेवढेच. त्या माउलीसाठी यंदा एकही उरवायचा नाही.