जवळ्याची खोली

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षी सरांनी सांगितलं, "एक खोली करून दाखवा. भिंत वापरायची नाही." गोखिवऱ्याच्या वन बीएचकेत आम्ही चौघं राहतो. त्यामुळे खोली म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको, असा माझा समज होता.

पहिल्यांदा मी थर्माकोलचे चार खांब करून वर छत ठेवलं. सर म्हणाले, "हे टेबल झालं." दुसऱ्यांदा स्टुडिओच्या जमिनीवर सुतळीचा चौकोन मांडला. सर बूट घालून त्यावरून सरळ पलीकडे गेले आणि विचारलं, "मी आत कधी आलो? मला कळलंच नाही." सगळा वर्ग खो खो हसला. आता एकच संधी उरली होती. ती हुकली की हा विषय पुढच्या वर्षी नव्या पोरांबरोबर परत करायचा. मी घरी जाऊन रडले, मग इमारतीच्या पार्किंगमध्ये खडूने खोल्या आखल्या. मुलं त्यात लंगडी खेळली. तळमजल्यावरच्या काकांनी माझ्या बेडरूममध्ये स्कूटर लावली.

रविवारी सकाळी वैतागून कळंबला समुद्रावर गेले. किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जागेत एक कोळीण मावशी जवळा वाळत घालत होती. बारीक, गुलाबी कोलंबी, अख्खं अंगण भरून. फोटो काढायला मी पुढे झाले तशी ती ओरडली, "अगो पोरी, चपला भायेर काड! मानसं खानार ते!"

मी जागीच थिजले. खाली पाहिलं तर माझा पाय जवळ्यापासून दोन बोटांवर होता. कडेला मावशीच्या स्वतःच्या चपला, दारात काढून ठेवाव्यात तशा. आत जाऊन जवळा उलटता यावा म्हणून पाऊलभर वाट मोकळी सोडलेली. येणारीजाणारी माणसं वळसा घालून जात होती. ना भिंत, ना खांब, ना छत! मला नाचावंसं वाटलं आणि मी नाचलेही, चपला घालून, अर्थात बाहेर.

मावशीकडे मी मोठी पिशवी भरून सुका जवळा मागितला.

"एवड्याची चटनी कोन खानार?" तिने विचारलं.

"आमचे सर," मी म्हटलं.

सोमवारी स्टुडिओत तो पातळ पसरला, मधोमध वाट ठेवली, चपला कडेला काढल्या आणि आत जाऊन उभी राहिले. वासाने अर्धा वर्ग खिडक्यांना लटकला होता. मला हसू येत होतं.

सर आले. नाकाला रुमाल लावून कडेपर्यंत आले आणि थांबले. माझ्या चपलांकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं. मग ते खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. दोन्ही हात पसरून, एकेक पाऊल टाकत ते आत आले, चहूकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "बसू कुठे?"

आनंदाच्या भरात मला दुसरं काही सुचेचना. घरी कुणी आलं की तोंडून निघतं तेच निघालं.

"पाणी आणू, सर?"