गुरुजींनी पुसलेला मेसेज

धरणगावजवळच्या एका झेडपी शाळेतल्या वाल्मीक गुरुजींना गेल्याच वर्षी मोबाइल वापराच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं होतं. त्याच गुरुजींनी शनिवारी 'हर्षालीला चौथीत असून वाचता येत नाही, घरी कुणाचं लक्ष नाही' हा मुख्याध्यापकांना धाडायचा मजकूर थेट पालकांच्या ग्रुपवर टाकला. चूक दिसताच त्यांनी तो पुसला, पण फक्त स्वतःच्या फोनमधून. बाकी एकतीस फोनांत तो तसाच राहिला आणि गुरुजी निवांत चहा प्यायले.

सोमवारी हर्षालीची आई लताबाई कापसाची वेचणी टाकून शाळेत आली. "पोरनं नाव काढी द्या. दाखला द्या."

गुरुजींनी आपला फोन पुढे केला. "ताई, मी तो मेसेज पुसला होता."

"तुमना फोनमाईन पुसा व्हई! शेजारीणनी मले वाची दखाडा, हासी हासीसन. मले कोठे वाचता येस?"

गुरुजींनी फोनमधला ग्रुप मागे सरकवून पाहिला. वर्षभर ते रोजचा अभ्यास लिहूनच धाडत होते. निळ्या खुणा दिसल्या की त्यांना वाटायचं, घरी अभ्यास झाला.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"मले नका सांगू. ज्या ग्रुपवर पोरनी इज्जत काढी, तठेच सांगा."

गुरुजींनी फोनवर पालकांचा ग्रुप उघडून माइकचं बटण दाबलं. "हर्षालीच्या घरी लक्ष नाही, हे मी न विचारता लिहिलं. चूक माझी आहे."

लताबाईने आपला फोन कानाला लावून ते सगळं ऐकलं. दाखल्याचं नाव काढलं नाही. दारातून वळून म्हणाली, "उद्याना अभ्यासबी असाच बोलीसन धाडा. मी बसाडसू तिले."