दस्तरखानावरचे ठोकळे

झौरेश आपायचा, म्हणजे झौरेशताईचा, राग कारागांदा शहरातल्या त्या वस्तीला पाठ होता. बालवाडीच्या मुख्याध्यापिकेशी कडाक्याचं भांडून तिने नोकरी सोडली आणि मुलांसाठी ठोकळ्यांचं शिबिर काढलं. सुट्टीत शिबिर, एरवी वाढदिवसाच्या पार्ट्या. रंगीत ठोकळ्यांची पेटी घेऊन ती घरोघरी जायची आणि सगळ्या मुलांकडून मिळून एक गाव उभारून घ्यायची. कुणी 'माझा मनोरा' म्हटलेलं तिला खपत नसे. "आपला म्हण," ती खेकसायची. मुलं तिला अजिबात भीत नसत. त्यांचे आईबाप मात्र दबकून असत.

ठोकळे घरंगळून सोफ्याखाली जातात म्हणून ती खाली जुना दस्तरखान अंथरायची. तिच्या आईच्या वेळचं, पंगतीला अंथरून वर जेवण मांडायचं कापड ते.

वस्तीतल्याच लाझ्झातच्या मुलाच्या वाढदिवसालाही तिने तोच अंथरला. शिबिरातली सगळी मुलं आली होती. तोल्किनही आली होती. तिची आई लाझ्झातच्याच इमारतीचे जिने पुसायची. लाझ्झातने तिला घरात घेतलं खरं, पण बूट दाराबाहेर काढायला लावले. बाकीच्यांचे बूट आत होते. झौरेशने ते पाहिलं आणि मुलाचा वाढदिवस म्हणून राग गिळला.

खेळ संपला, केक कापून झाला, मुलं कोट चढवून खाऊच्या पिशव्या उचलू लागली. झौरेश पेटी भरत होती.

"लाल छपरं कमी दिसतायत. सोफ्याखाली बघा गं जरा."

लाझ्झातने सोफ्याखाली पाहिलंच नाही. ती थेट तोल्किनच्या पिशवीकडे गेली. वर बाउरसाकचे तळलेले गोळे, खाली लाल ठोकळे.

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली. "घरात घेतलं की हे असं होतं."

"मी नाही घेतले," तोल्किन म्हणाली. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, सगळे पिशवीकडे बघत होते.

झौरेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाकीच्या पिशव्या उघड."

"अहो आपाय, पाहुण्यांच्या पिशव्या कशा उघडायच्या?"

"आणि ही कोण आहे?"

उत्तराची वाट न बघता तिने एकेक पिशवी दस्तरखानावर उपडी केली. प्रत्येकीतून खाऊ पडला आणि प्रत्येकीतून ठोकळे पडले.

कोपऱ्यात बसलेली बातिमा आजी, लाझ्झातची सासू, गोंधळून गेली. "मीच घातले की ते. सारकित नको का द्यायला? लेकरं काय मेजवानीवरून रिकाम्या हाती जाणार?"

"अहो आई, सारकित म्हणून ठोकळे देतं का कुणी?"

"दस्तरखानावर मांडले होते ना? मला वाटलं, हल्लीची मिठाई असेल. दस्तरखानावरचं उरलेलं वाटायचं नाही तर काय पेटीत भरायचं?"

मुलं खो खो हसली. लाझ्झातही हसली. "घ्या, म्हणजे गंमतच झाली. आपाय, चहा घेणार ना?"

गंमत! सगळ्यांच्या पिशवीत गंमत आणि एकीच्याच पिशवीत चोरी.

"तिची माफी माग," झौरेश म्हणाली.

"लहान आहे हो, विसरेल."

"माफी माग."

लाझ्झातने तोल्किनच्या गालावरून हात फिरवला आणि तिच्या हातात चॉकलेट ठेवलं. तोल्किनने ते दस्तरखानावर ठेवून दिलं. झौरेशने चहाला हात लावला नाही. सांडलेले ठोकळे भरून, पेटी उचलून ती तोल्किनबरोबर बाहेर पडली.

खाली जिन्याशी तिने पेटीतून मूठभर लाल छपरं काढली. "धर. आजीने दिलेलं सारकित आहे, तुझंच आहे."

तोल्किनने हात पाठीमागे नेले. "आत्ता नको."

"मग कधी?"

"सगळ्यांसमोर द्या."

 झौरेशने पेटी काखोटीला मारली, पोरीचं मनगट धरलं आणि पुन्हा सगळा जिना चढून लाझ्झातचं दार धडाधडा वाजवलं. दार उघडलं. तोल्किन उंबऱ्याबाहेरच बूट काढायला वाकली.

"आत काढ," झौरेश म्हणाली.