पायांच्या कॉलेजातलं सह्यांचं कार्ड

चार माणसं जेवायला आली, की अरविंद ताटं उचलता उचलता म्हणतोच, "अगं, ते कॉलेजचं सांग ना यांना!" मी एक सांगायला जाते, तर मागून दहा येतात. खरं सांगते, यातलं मी काहीही जमवलेलं नाही. मी तिथं मुकाट्यानं शिकायला गेले होते. पण काही ठिकाणी किस्से शोधावे लागत नाहीत. दार उघडलं की अंगावरच येतात!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन अमेरिकेत आले, नागपूरची बी.एस्सी. पदरात होती आणि मेडिकलला कुणी घेईना. तेव्हा कळलं, इथं नुसत्या पायांच्या डॉक्टरांचं वेगळं कॉलेज असतं. पोडायट्री! चार वर्षं, शेवटी डॉक्टर. नागपूरला कळवलं. सासूबाईंचं उत्तर आलं, "डॉक्टर होतेस, आनंद झाला. कशाची, ते इकडे कुणाला सांगितलेलं नाही."

पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात एक निळं कार्ड दिलं. त्यावर चाळीस चौकोन. प्रत्येक काम करून दाखवायचं आणि त्या त्या शिक्षकाची सही घ्यायची. चाळीस सह्या झाल्या तर डिग्री, एकोणचाळीस झाल्या तर आणखी एक वर्ष. आणि शेवटच्या वर्षी तर त्या कार्डावर आमचा संसारच अडकला. अरविंदला जूनमध्ये क्युपर्टिनोत नवी नोकरी होती आणि ऑगस्टमध्ये आमच्याकडे बाळ येणार होतं. सह्या राहिल्या असत्या तर नवरा कॅलिफोर्नियात आणि मी तान्ह्या बाळाला घेऊन इथं बर्फात!

* * *

शरीरशास्त्राच्या लॅबमध्ये पहिल्यांदा गेलो. टेबलांवर पांढऱ्या चादरी. सरांनी एक चादर ओढली, आणि खाली नुसते पाय! गुडघ्यापासून खालचे, ओळीनं मांडून ठेवलेले. माझ्या मागचा मुलगा घेरी येऊन खाली बसला.

मी धीर करून विचारलं, "सर, बाकीचं?"

"बाकीचं शेजारच्या मेडिकल स्कूलला लागतं. आपल्याला काय करायचंय?"

"पण परीक्षेला डोकं आणि मानही आहे ना?"

"आहे," सर शांतपणे म्हणाले, "पण ते मल्टिपल चॉइस आहे."

* * *

डॉ. विन्सलो आम्हाला औषधशास्त्र शिकवायचे. आहारशास्त्रही तेच. लायब्ररीच्या किल्ल्या त्यांच्याकडे, पार्किंगचे परवानेही त्यांच्याकडे. सकाळी शंका विचारली की म्हणायचे, "हा प्रश्न आहाराच्या तासाला विचार." दुपारी आहाराच्या तासाला विचारली की म्हणायचे, "सकाळी का नाही विचारलंस?"

महिनाभर ते औषधशास्त्राच्या तासाला फिरकलेच नाहीत, तेव्हा आमचा पारा चढला. आम्ही सहा जणांनी रीतसर लेखी तक्रार केली. तक्रार समितीकडे गेली. समितीचे अध्यक्ष कोण? डॉ. विन्सलो! आता आपली काही खैर नाही, असं म्हणत आम्ही भीत भीत उत्तराची वाट बघितली.

पंधरा दिवसांनी कॉलेजच्या कागदावर टाइप केलेलं उत्तर आलं, "विद्यार्थ्यांची तक्रार रास्त आहे. संबंधित शिक्षकाला कडक समज देण्यात आली आहे." खाली सही डॉ. विन्सलो यांची.

* * *

क्लिनिकमधला माझा पहिला पेशंट म्हणजे एक रिटायर्ड बस ड्रायव्हर, माझ्या आजोबांच्या वयाचे. ते उंच खुर्चीवर, मी खाली बुटक्या स्टुलावर. नखं कापली, टाच घासली, मलम लावलं. काम संपलं आणि माझ्याही नकळत मी त्यांच्या पायांना बोटं लावून हात कपाळाला नेला. हाडात मुरलेली सवय! इतक्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी बसल्यावर नमस्कार केल्याशिवाय उठायचं कसं?

मागून क्लिनिकच्या मॅडम ओरडल्या, "पेशंटच्या पायाचा हात कपाळाला? दोन मार्क कट!"

आजोबांनी विचारलं हे काय होतं, म्हणून मी सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी घरी जाऊन डीनना पत्रच लिहिलं, की सत्तर वर्षांत माझ्या पायांना असा मान कुणी दिला नव्हता.

पुढच्या महिन्यात क्लिनिकच्या परीक्षेची नवी यादी भिंतीवर लागली. नववी पायरी: पायाला स्पर्श करून हात कपाळाला नेणे. दोन मार्क. टेक्सासची सहा सहा फुटी पोरं वाकून नमस्कार करतायत, हे मी याचि डोळा पाहिलं!

परीक्षेला मी इतकी घाबरले होते, की नेमकी नववी पायरीच विसरले. मॅडमनी सही पुढच्या आठवड्यावर ढकलली आणि म्हणाल्या, "तुला हे जमत नाही असं दिसतंय. त्या टेक्सासच्या मुलांकडून शिकून घे."

* * *

बुटाच्या आतले आधार बनवायला डॉ. ब्रँट शिकवायचे. फार मायाळू माणूस. "शुक्रवारी कार्ड घेऊन ये, पाचही सह्या करतो," म्हणाले. शुक्रवारी गेले तर खोलीला कुलूप! गुरुवारीच नोकरी सोडून गेले होते. कॉलेजात कुणाला पत्ता नाही, की कुणाला त्याचं काही वाटलेलं नाही. डीनना भेटले. ते म्हणाले, "सही त्यांचीच लागेल. शोध त्यांना."

मी घरी येऊन ढसाढसा रडले. अरविंदनं चार दिवस फोन केले आणि शेवटी पत्ता लावला. शनिवारी तीन तास ड्राइव्ह करून आम्ही पोचलो, तर तो एक मॉल! डॉ. ब्रँट तिथं बुटांच्या दुकानात मॅनेजर झाले होते. टाय लावून, गुडघ्यावर बसून एका बाईच्या पायात बूट घालून देत होते. आम्ही थक्क!

मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. बुटाच्या खोक्यावर कार्ड ठेवून त्यांनी पाच सह्या केल्या. "इथं निदान पेशंट वेळेवर येतात," म्हणाले. मग आग्रहानं अरविंदचा पाय मोजून त्याला बूट घ्यायला लावले.

घरी येऊन बघतो तर एक नंबर लहान!

* * *

असं करत करत वसंत ऋतू आला आणि सात चौकोन उरले. सातही शस्त्रक्रियेचे, सातही डॉ. हॅलरन यांचे.

हॅलरन म्हणजे आमच्या कॉलेजचा वाघ. सगळा राग रस्त्यापलीकडच्या हाडांच्या सर्जनांच्या क्लिनिकवर. "त्यांना गुडघ्याखालचं ओ की ठो कळत नाही!" प्रत्येक लेक्चरची सुरुवात हीच. एका मुलाच्या आजीनं तिथं पाय दाखवला असं कळल्यावर त्यांनी त्या मुलाला आठवडाभर ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर उभं केलं होतं.

सहीचं विचारलं, की माझ्याकडे न बघता म्हणायचे, "तू तयार वाटलीस की देईन." एप्रिल संपला तरी मी तयार वाटेना. माझं पोट दिसायला लागलं, अरविंदची खोकी भरून झाली. मी हातापाया पडायचीच बाकी राहिले होते.

मे महिन्यात माळ्यावरचं सामान काढताना अरविंद शिडीवरून पडला. मनगट टम्म सुजलं. मनगट काही आमच्या कॉलेजात दाखवता येत नव्हतं. नाइलाजानं त्याला रस्त्यापलीकडे घेऊन गेले. कुणी बघितलं तर सात सह्यांवर पाणी, म्हणून वेटिंग रूममध्ये कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि मासिक तोंडासमोर उघडून बसले.

समोरच्या खुर्चीतल्या माणसानंही वर्तमानपत्र तसंच तोंडासमोर धरलं होतं. पान उलटायला त्यानं ते खाली घेतलं.

डॉ. हॅलरन! डाव्या पायात बूट नाही, आणि अंगठा वांग्याएवढा सुजलेला.

माझंही मासिक खाली आलं. अरविंदनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. तो बिचारा आपला सहज बोलायचं म्हणून बोलला, "पाय का? हिचं कॉलेज समोरच आहे, पायांचंच. तिथं नाही दाखवलंत?"

हॅलरन यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, "कार्ड."

मी पर्समधून काढून दिलं. त्यांनी ते मांडीवर ठेवून सावकाश सात सह्या केल्या. त्यातली दोन ऑपरेशनं तर मी अजून पाहिलीही नव्हती. कार्ड परत देत ते म्हणाले, "तू तयार आहेस."

इतक्यात नर्सनं दारातून हाक मारली, "मिस्टर बेकर!"

खोलीत कुणीच हललं नाही. तिनं पुन्हा पुकारलं, "मिस्टर बेकर आलेत का?"

डॉ. हॅलरन यांनी पेन खिशाला लावलं, उठले, आणि लंगडत आत गेले.