तुआसच्या बसमधले तिओकाका

तिओकाकांना मी कधी निवांत टेकून बसलेलं पाहिलं नाही. सेरंगूनच्या मॉलसमोरून सकाळी आमच्या कंपनीची बस सुटायची आणि या बेटाएवढ्या देशाच्या पार पश्चिम टोकाला, तुआसला जायची. तासाभराचा प्रवास. बाकीचे सगळे खिडकीला डोकं लावून झोपलेले असत. तिओकाका मात्र मधल्या वाटेत उभे. एका हातानं सीटची पाठ धरलेली, दुसऱ्या हातात फोन आणि तोंडानं अखंड स्पॅनिश. ड्रायव्हर आरशातून बघत, इथल्या सगळ्यांसारखं शेवटी लाह जोडून म्हणायचा, "अंकल, सिट डाउन लाह." तिओकाका अदबीनं मान डोलवत, सीटच्या कडेला टेकत आणि पुढचा सिग्नल यायच्या आत पुन्हा उभे राहत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बसलो की मला वाटतं, मी पोचलो. आणि मी अजून कुठेच पोचलेलो नाही."

ते व्हेनेझुएलाचे, मराकाइबो शहरातले. तेलाच्या टाक्या आणि पाइपलाइन तपासण्यात त्यांची हयात गेली होती. देश सोडल्यावर आधी काही वर्षं आखातात काढली, मग इथे आले. वय साठीला टेकलेलं, बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. सेरंगूनलाच एका चिनी आजींच्या फ्लॅटमध्ये ते खोली घेऊन राहत. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्या मुलीला म्हणाले, "मला सर नको म्हणूस. तिओ म्हण." तिओ म्हणजे त्यांच्या भाषेत काका. पण एवढ्याशा पोरीनं साठीच्या माणसाला नुसतं 'तिओ' म्हणावं हे माझ्या बायकोला, गौरीला, पटेना. तिनं पुढे काका जोडून टाकलं. काका-काका असा त्याचा अर्थ होतो हे कळल्यावर तिओकाका इतके हसले, की पुढे फोनवर बहिणीला त्यांनी तेच नाव सांगितलं.

त्यांच्या तोंडी एक शब्द सतत असे, "या वा." गौरीला आधी वाटलं, हे आपल्याला या म्हणताहेत आणि वर वा म्हणून कौतुकही करताहेत. मग कळलं, की त्याचा अर्थ 'थांब जरा'. जेवण वाढलं, की या वा, आधी हा मेसेज बघतो. लिफ्ट आली, की या वा, फोन कटेल. साइटवरच्या मीटिंगमध्ये मॅनेजर बोलत असतानाही ते बोट वर करून या वा म्हणत आणि बाहेर जात. सगळ्या जगाला ते थांबायला सांगत आणि स्वतः मात्र एका जागी थांबत नसत.

त्यांची पळापळ फोनमध्ये होती. आई मराकाइबोला एकटी, मधुमेह झालेली. धाकटा भाऊ पेरूमध्ये, लिमाच्या रस्त्यांवर मोटरसायकलवरून लोकांची जेवणं पोचवणारा. सगळ्यात धाकटी बहीण मार्ता अमेरिकेत, ह्यूस्टनला. जंगलं, नद्या आणि सहा-सात देश पायी आणि बसनं ओलांडून ती तिथे गेली होती. आश्रयासाठीचा तिचा अर्ज कोर्टात पडून होता. एका हॉटेलच्या लाँड्रीत ती दिवसभर उभ्यानं चादरी घडी करायची. इथे सकाळ झाली, की त्या सगळ्यांकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची. म्हणून बसमधला तो तास म्हणजे तिओकाकांचं घर होतं. "पूर्वी आम्ही एका टेबलाशी बसून भांडायचो," ते म्हणत. "आता भांडायलासुद्धा नेटवर्क लागतं."

रविवारी ते आमच्याकडे येत. बरोबर मक्याच्या पिठाची पिशवी. त्यांच्याकडे अरेपा नावाची जाड, छोटी भाकरीच करतात, मधे चिरून आत चीज किंवा काळा घेवडा भरतात. गौरी भाकरी थापायला बसली, की ते कट्ट्याला टेकून बघत आणि म्हणत, "माझी आई हाच आवाज करते." अरेपा अर्धा खाल्ला, की फोन वाजे आणि उरलेला आमची मुलगी संपवून टाकी. एकदा ती त्यांना म्हणाली, "तिओकाका, you eat first, then talk lah." त्यांनी फोन उलटा ठेवला. हात मात्र त्याच्यावरच होता.

त्यांचा पासपोर्ट संपत आला होता. नवीन मिळण्यासाठी अर्ज करून बरेच महिने झाले होते, आणि उत्तर येत नव्हतं. पासपोर्ट नाही तर एम्प्लॉयमेंट पास वाढणार नाही, आणि पास नाही तर इथे राहता येणार नाही. आम्ही पुण्या-मुंबईचे लोक जेवणाच्या सुट्टीत पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळेल का, मुलांच्या शाळेचं काय, असल्या गप्पा मारायचो. तिओकाका ऐकून घेत. एकदाच म्हणाले, "तुम्हाला परत जायचं नाहीये. मला परत जाता येत नाहीये. दोन्ही वेगळं आहे."

मग एका सोमवारी बसमध्ये त्यांचा आवाज चढला. नेहमीचं भांडण नव्हतं ते. पुढच्या सीटवर झोपलेले दोघेही जागे झाले. फोनवर मार्ता होती, व्हिडिओवर. तिओकाका एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला तेवढं स्पॅनिश एव्हाना कळायला लागलं होतं. "पाय दाखव. मार्ता, पाय दाखव."

तिनं शेवटी मोजा काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळंनिळं पडलं होतं आणि भोवतीची कातडी सुजून चकाकत होती. कामावरच्या बुटानं घासून झालेली जखम. घरातल्या सगळ्यांनाच साखरेचा आजार, मार्तालाही. इन्सुलिन ती एका मैत्रिणीकडून मिळेल तसं घेत होती. दवाखान्यात गेली नव्हती. शेजारच्या इमारतीतल्या एका माणसाला कामावर जाताना इमिग्रेशनच्या पोलिसांनी रस्त्यात पकडून नेलं होतं. दवाखान्यात नाव-पत्ता विचारतात, मग तो पत्ता कुठे जाईल कोण सांगणार, असं तिचं म्हणणं. "पाय दुखत नाही आता," ती म्हणाली. तिला वाटलं, हे ऐकून भावाला बरं वाटेल.

तिओकाकांनी फोन खाली घेतला. ते स्वतःही रोज सकाळी बोट टोचून साखर बघणारे. दुखत नाही म्हणजे तिथली संवेदनाच गेली, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. बस तुआसच्या पुलाखालून वळली तेव्हा ते माझ्या शेजारी येऊन बसले. "समीर," ते म्हणाले, "तुमची माणसं सगळीकडे असतात. ह्यूस्टनला कोणी आहे?"

होती. माझी मावसबहीण, शुभाताई. मी साइटवर पोचताच तिला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"समीर, आमचंच ग्रीन कार्ड इतकी वर्षं अडकलंय," ती म्हणाली. "यांची नोकरी त्या व्हिसावर, मुलं इथे शिकताहेत. आणि तिच्याकडे धड कागद नाहीत. उद्या कोणी विचारलं, तुमचा काय संबंध, तर मी काय सांगू?"

"काही सांगू नकोस. तुला जमणार नसेल तर राहू दे."

"राहू दे काय म्हणतोस. पाय आहे तो." तिनं फोन ठेवून दिला.

तिओकाकांना मी एवढंच सांगितलं, की बहीण विचार करून कळवते. त्यांनी मान हलवली. त्या दिवशी ते टाकीच्या शिडीवरून निष्कारण दोनदा वर गेले आणि खाली आले. त्यांच्या तरुण सहकाऱ्यानं शेवटी त्यांना सावलीत नेऊन पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये असतानाच शुभाताईचा फोन आला. "पत्ता पाठवलायस तिथे उभी आहे. दार उघडत नाही रे ही."

मार्ता दार उघडणार नव्हतीच. अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही, हे त्या वस्तीतल्या लहान मुलांनाही शिकवलेलं होतं. तिओकाका एका कानाला त्यांचा फोन आणि दुसऱ्या कानाला माझा, असे बसच्या मधोमध उभे. इकडे इंग्रजीतून, तिकडे स्पॅनिशमधून. "या वा, सेन्योरा, जाऊ नका. मार्ता, ती आपली आहे. नाही, पोलीस नाही. मी सांगतो ना, पोलीस नाही." ड्रायव्हरनं आरशातून बघितलं, पण बसा म्हणाला नाही.

खूप वेळानं मार्तानं पडदा बाजूला केला. बाहेर पंजाबी ड्रेस घातलेली, चष्मा लावलेली एक बाई हातात स्टीलचा डबा घेऊन उभी होती. शुभाताई आमच्याच घरातली. आजारी माणसाकडे रिकाम्या हातानं जायचं तिला सुचलंच नसतं. मुगाची खिचडी करून नेली होती. मार्तानं कडी काढली. पुढे ती तिओकाकांना म्हणाली, "पकडायला येणारे डबा आणत नाहीत."

शुभाताईनं तिला कागद न विचारणाऱ्या एका धर्मादाय दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय बघताक्षणी पुढे मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. आणखी थोडे दिवस गेले असते तर गुडघ्यापर्यंत गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. शुभाताईला हॉस्पिटलात एका बाईंनी विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? ती म्हणाली, मैत्रीण. तोवर दोघी मिळून चार वाक्यंही बोलल्या नव्हत्या.

हे कळलं त्या संध्याकाळी तिओकाका आमच्याकडे आले आणि दारातच उभे राहिले. गौरी म्हणाली, "आत या ना, काका." ते तसेच जिन्यावर बसले आणि रडले. आमच्या शेजारच्या मलय आजी बाहेर आल्या, काही न विचारता त्यांनी टिश्यूचा बॉक्स आणून त्यांच्या शेजारी ठेवला आणि आत गेल्या.

पुढे सहा-आठ महिन्यांत तुआसचं ते काम संपलं. तिओकाकांचा पास वाढला नाही. गंमत म्हणजे नवा पासपोर्ट त्याच सुमारास हातात आला. कोणालाही वाटलं असतं, आता हे त्यांचीच भाषा बोलणाऱ्या स्पेनला जातील, निदान भावाकडे लिमाला. त्यांनी मराकाइबोचं तिकीट काढलं. भाऊ फोनवर त्यांच्यावर ओरडला. तिथे वीज जाते, औषधं मिळत नाहीत, सगळे तिथून बाहेर पडले आणि तू उलटा निघालास. मीही तेच म्हणालो, थोड्या सौम्य शब्दांत.

"मला सगळं माहीत आहे," ते म्हणाले. "पण आईनं तीन मुलं वाढवली आणि तिला इन्सुलिन शेजारीण टोचते."

चांगी विमानतळावर आम्ही तिघेही सोडायला गेलो. गौरीनं तांदळाचं पीठ बांधून दिलं होतं. ते मुलीला म्हणाले, "तिकडे ये, तुला आमच्या मराकाइबोचं मोठं तळं दाखवतो." तिनं विचारलं, "कधी?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत निघून गेले.

त्यांची आई त्यानंतर वर्षभरही जगली नाही. पण गेली ती मोठ्या मुलाचा हात धरून. धाकट्यानं लिमाहून फोनवर बघितलं. मार्ताला जाणं शक्य नव्हतं; अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं असतं तर तिचा अर्ज तिथेच संपला असता. शुभाताई त्या दिवशी रजा घेऊन तिच्या खोलीवर गेली. संध्याकाळी तिनं मला फोन केला. "त्यांची प्रार्थना मला येत नव्हती रे," ती म्हणाली. "मी नुसती तिच्या शेजारी बसून राहिले. तिच्या आईला मातीत ठेवलं तेव्हा तिनं फोन माझ्याकडे दिला. म्हणाली, तू बघ, मला बघवत नाही. मग मी बघितलं."

तिओकाकांचा फोन अधूनमधून येतो. वीज असेल तेव्हा. आता तिकडून निघायचं की तिथेच राहायचं, हे त्यांचं ठरत नाही. दर वेळी वेगळ्या देशाचं नाव काढतात. भावाला काही तरी धंदा सुरू करून द्यायचाय, मार्ताच्या वकिलाशी बोलायचंय. मागच्या महिन्यात असंच बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुझी आई कशी आहे?"

माझी आई सांगलीला असते. बाबा गेल्यापासून एकटीच. आम्ही रोज रात्रीच्या जेवणाआधी तिच्याशी बोलतो.

"ठीक आहे," मी म्हणालो.

"फोनवर ठीक, की खरंच ठीक?"

लाइन गेली, किंवा त्यांनी ठेवून दिली.

त्याच आठवड्यात मी रजा टाकून सांगलीला गेलो. आईनं दार उघडायला बराच वेळ लावला. फोनवर दिसत होती त्यापेक्षा ती खूप बारीक झाली होती, आणि दारातून आत चालताना भिंतीला हात लावून चालत होती.