धुराचा आकडा आणि मावशींची चूल

यंत्र आलं तेव्हा पावसाळा संपत आला होता. पांढरा डबा, जेवणाच्या चार कप्प्यांच्या डब्याएवढा, आणि पुढे आकडा दाखवणारी पट्टी. हवा बरी असली की आकडा हिरवा, वाईट असली की लाल. रस्त्यावरच्या वाहनांच्या धुराने देशातली हवा किती बिघडते ते मोजायचं होतं, आणि त्यासाठी निवडलेल्या जागांत मंगरूळपीर रस्त्यावरची आमची शाळा होती. आमचीच का, असं मी बसवायला आलेल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, रस्त्याला लागून भिंत आहे आणि भिंतीवर चालू प्लग आहे. देशाची हवा मोजायची तर प्लग हवाच.

सोबत पुस्तिका होती. ती शाळेत फक्त मी वाचली. विज्ञान शिकवते म्हणून नव्हे. मुख्याध्यापकांनी ती माझ्या हातात देऊन रजिस्टरवर सही घेतली म्हणून.

पहिल्याच आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष पेढे घेऊन आले. पलीकडच्या गावातल्या शाळेचा आकडा दोन अंकी होता आणि आमचा तीन अंकी. "आपली शाळा पुढं हाय म्हना ना मॅडम," ते म्हणाले. आकडा जितका मोठा तितकी हवा वाईट, हे मी त्यांना सांगितलं तोवर निम्मे पेढे संपले होते. उरलेले त्यांनी परत नेले नाहीत, एवढा मोठेपणा त्यांच्यात आहे.

आकडा वाईट आहे म्हटल्यावर तो नापास झालेल्या मुलासारखा सगळ्यांच्या डोक्यात बसला. मोजणी देशाची आहे, शाळेची परीक्षा नाही, हे मी दोनदा समजावलं. पण आमच्याकडे जो आकडा वर पाठवायचा असतो तो चांगलाच पाठवायचा असतो, ही तीस वर्षांची सवय एका पुस्तिकेने कशी जाणार? मुख्याध्यापकांना गुन्हेगार हवा होता.

खरं तर तो फाटकासमोरच होता. तिथे गतिरोधक आहे. तो आम्हीच अर्जांवर अर्ज करून मागून घेतला, मुलांच्या सुरक्षेसाठी. आता प्रत्येक ट्रक आमच्या दारात ब्रेक मारतो, गिअर बदलतो आणि काळा धूर वर्गांत सोडून पुढे जातो. मुलं एकदम सुरक्षित आहेत, फक्त खोकतात. त्यात सोयाबीन निघालं की बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागते. पण रस्ता काही आपल्या हातात नसतो, त्यासाठी वर पत्र लिहावं लागतं. चूल मात्र आवारातच होती.

ती चूल खिचडी शिजवणाऱ्या मावशींची. फाटकाला लागून टिनाचं शेड, दार रस्त्याकडे. गॅसची टाकी शाळेला मिळालेली आहे. भरलेली टाकी मात्र पाहुण्यासारखी येते, म्हणून वर्षातले बरेच महिने लाकडं जळतात. मावशींचं घर याच कामावर चालायचं. शेती नाही, मुलगी शिकणारी, दुसरं काम म्हणजे निंदण, आणि गुडघे गेल्यापासून तेही होत नव्हतं.

समितीने ठराव मांडला: चुलीमुळे शाळेचा आकडा बिघडतो, सबब चूल बंद करावी आणि खिचडीचं काम गॅस शेगडी असलेल्या महिला बचत गटाला द्यावं. असा एक गट गावात होता. तो अध्यक्षांच्या भावजयीचा होता हा योगायोग. मी वाईट अर्थाने सांगत नाही. शेगडी त्यांच्याकडे खरंच होती, फडक्याने झाकून ठेवलेली, नवीकोरी.

निर्णय दिवाळीच्या सुटीनंतरच्या बैठकीत होणार होता. मावशी माझ्याकडे आल्या. रडल्या वगैरे नाहीत, त्यांचा तो स्वभाव नाही. "मॅडम, तुमी तं मोजून राह्यले ना सारं. मंग सांगा न त्याईले, धूर कोनाचा हाय थो."

मोजणं मला जमतं. मोकळ्या तासाला मी फाटकाशी खुर्ची टाकली आणि वहीत रकाने आखले: ट्रक, टेम्पो, एसटी, ट्रॅक्टर, दुचाकी. दर पंधरा मिनिटांनी आकडा. शेवटच्या रकान्यात चूल पेटली की विझली. येणारे-जाणारे विचारत, मॅडम, टोलनाका लागून राह्यला का? मी हो म्हणायचे. त्यामुळे निदान दोन ट्रक तरी हळू गेले.

चूल पेटली की आकडा थोडा चढायचा, हे मी लपवलं नाही. पण ट्रॅक्टरांची रांग लागली की तो दुप्पट चढायचा, आणि चूल विझल्यावरही खाली यायचा नाही. पुरावा पक्का हवा म्हणून मी दिवाळीच्या सुटीत चार दिवस एसटीने शाळेत गेले. घरच्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं. शाळा बंद, चूल थंड, शेडला कुलूप, आणि पट्टीवर भर दुपारी लाल आकडा.

बैठकीत मी वही पुढे ठेवली. मुख्याध्यापकांनी ती आदराने चाळली. अक्षर छान आहे म्हणाले. मग म्हणाले, दिवाळीचे आकडे धरता येणार नाहीत, कारण फटाके. दुपारी साडेबाराला फटाके कोण उडवतं, असं मी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, हौसेले टाइम नसते मॅडम. सगळे हसले. ठराव लिहायला वही उघडली गेली. माझी नव्हे, त्यांची.

मावशी दाराशी उभ्या होत्या. चहा द्यायला त्यांना बोलावलं होतं. त्यांचं काम काढून घेणाऱ्यांना चहा त्यांनीच द्यायचा होता.

तेव्हा मी म्हणाले, "सर, यंत्रच मागे नेऊ. तुरीच्या शेताकडच्या भिंतीवर. प्लग तिथंही आहे."

तिथं आकडा आपोआप हिरवा होईल, हे लगेच सगळ्यांना कळलं. यंत्र रस्त्याकडे तोंड करून, रस्त्यापासून ठरलेल्याच अंतरावर हवं, हे पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर ठळक छापलेलं आहे. ते वाचलेली खोलीत मी एकटी होते. रीत म्हणून बसवणाऱ्याला फोन लावला. त्याने एकच विचारलं, मागे नेटवर्क येतं का? येतं म्हटल्यावर त्याने हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्र मागच्या भिंतीवर गेलं. समोर तूर आणि तुरीपलीकडे आणखी तूर. संध्याकाळपर्यंत आकडा हिरवा. मुख्याध्यापकांनी त्याच्यासोबत फोटो काढला. आकडा सुधारल्यामुळे चुलीच्या ठरावाचं कारणच उरलं नाही. अध्यक्ष जरा खट्टू झाले, पण हिरव्या आकड्याविरुद्ध बोलणार कसं? मावशींचं काम राहिलं. आणि देशाच्या वाहनांच्या धुराची सरासरी मी माझ्या परीने थोडी खाली आणली. कोणी सत्कार केला नाही.

महिनाभराने मावशी भांडी घासताना खोकत होत्या. आधीही खोकायच्या, पण तेव्हा माझं लक्ष आकड्यावर होतं. "यंत्र गेलं मांगं," त्या म्हणाल्या, "मी तं इथंच हावो ना. माहा खोकला कोन मोजते?"

शेडचं रस्त्याकडचं दार बुजवा आणि मागून काढून घ्या, असं मी म्हणाले. दार कोण काढून देणार, असं त्यांनी विचारलं. बरोबर होतं. भिंत शाळेची, म्हणजे पुन्हा ठराव.

तो अर्ज मी लिहून दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, रस्त्यावरील वाहनांचा धूर. मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला, खिडकीतून मागच्या भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाले, "मॅडम, हवा तर हिरवी आहे."

वही अजून माझ्याकडे आहे. येत्या सोमवारी मी पुन्हा फाटकाशी खुर्ची टाकणार आहे.