पंधराशेच्या गळ्यातला हार

माझ्या जावयाच्या मोटारीत जे इंजिन आहे, ते त्या मोटारीचं नाही. ही गोष्ट जगात मला एकट्यालाच माहीत आहे. जावयाला माहीत नाही, मोटारीला संशय आहे, आणि त्याची शिक्षा माझा मेहुणा दिनकर भोगतो आहे. आता माझं वय झालं. डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात, बायको बोलणं कमी करा म्हणते. तोंड अगदीच बंद व्हायच्या आत हे लिहून टाकलेलं बरं.

जावई संदेश मूळचा खानापूरचा, नोकरीला गोव्यात. माणूस गुणी, पण त्याला जुन्या मोटारींचा नाद. तिथल्या कुणाकडून त्यानं एक जुनी इटालियन गाडी घेतली. गाडी बुटकी, मुंगसासारखी जमिनीला घासून पळणारी. तिच्या इंजिनाचे चार सिलिंडर उभे नसतात, आडवे असतात. दोन या अंगाला, दोन त्या अंगाला, मध्ये क्रँक. दुपारच्या जेवणानंतर आमचं घर जसं झोपतं, अगदी तसं.

मी जन्मभर उभी इंजिनं पाहिलेली. बेळगावात माझं बोअरिंगचं, म्हणजे इंजिनांचे झिजलेले सिलिंडर कोरून द्यायचं वर्कशॉप होतं. विहिरीवरची पंपाची इंजिनं माझ्याकडं खोकत यायची आणि गात जायची (हे माझं मत. गिऱ्हाइकांची वेगळी मतं होती). वर्कशॉप विकलं, तरी टिळकवाडीतल्या घरामागं एक शेड, इंजिन उचलायचा एक चेनब्लॉक आणि बराचसा गर्व शिल्लक होता. संदेश लोकांना सांगायचा, "आमचे सासरे म्हणजे इंजिनातला माणूस." हे वाक्य ऐकलं की मला दोन पोळ्या जास्त जायच्या.

त्या वर्षी दसऱ्याआधी संदेशनं माझ्या शेडमध्ये दोन इंजिनं आणून ठेवली.

"आप्पा, हे पंधराशे सीसीचं. आपल्या गाडीचं हेच. दुरुस्तीला उतरवलंय. आणि हे तेराशेचं. हे म्हापशाच्या एका डॉक्टरांना द्यायचंय."

"बरं."

"बाहेरनं दोन्ही सारखीच दिसतात. काही तेराशेंना एकच कार्बुरेटर असतो, पण ह्या दोघांनाही दोन-दोन. सतराशेचं असतं तर आतले टॅपेट वेगळे. सोळा व्हॉल्व्हचं असतं तर डोकंच मोठं दिसतं, लांबनंच कळतं. ह्या दोघांत मात्र..."

"संदेश," मी म्हटलं, "तू मला इंजिन शिकवतोस व्हय?"

तो वरमला. "तसं न्हाय, आप्पा. एवढंच की, नंबर बघा. ब्लॉकवर ठोकलेला आहे. माझ्या आरसी बुकात तोच हाय."

मी हसलो. सासऱ्यानं जावयाकडं बघून कसं हसावं याचा तो नमुना होता.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं, यंत्रं पुजतात. पुजायच्या आधी ती धुवायची, घासायची, रंगवायची. गंजका पाना देवापुढं ठेवणं म्हणजे विटकं धोतर नेसून लग्नाला जाणं. दरवर्षी या कामासाठी निपाणीहून दिनकर यायचा. दिनकर म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तंबाखूची शेती करणारा. इंजिनाचा आवाज ऐकला की त्याचे डोळे मिटायचे, इतका भाविक. अष्टमीला तो आला तो चंदेरी रंगाचा डबा घेऊनच.

"दाजी, पंपाला आणलेला उरलाय. वाया कशाला घालवायचा?"

दोन्ही इंजिनं तेलकट, काळवंडलेली. धुताना त्यांच्या जागाही बदलल्या. मी ग्राइंडर घेतला. (हे वाक्य नीट वाचावं. मी घेतला. गेली कित्येक वर्षं घरात सांगितलं जातं की दिनकरनं घेतला. दिनकरच्या हातात फक्त ब्रश होता.) ब्लॉकवर एका जागी काहीतरी खडबडीत लागत होतं. मी म्हटलं, गंज असणार. घासला. दुसऱ्यावर त्याच जागी तसंच खडबडीत. इटलीच्या लोकांचं ओतकाम कच्चं, असंही मी दिनकरला ऐकवलं. मग तिथं पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, आणि दिनकरनं वरून चंदेरी रंग दिला. संध्याकाळी दोन्ही इंजिनं चांदीच्या भांड्यांसारखी झळकत होती. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

संदेशचं उत्तर लगेच आलं. "लई भारी, आप्पा! उद्या दुपारी डॉक्टरांचा टेम्पो येतोय. तेराशेचं तेवढं द्या. ह्यातलं तेराशेचं कुठलं?"

मी फोटो मोठा करून पाहिला. मग शेडमध्ये जाऊन पाहिलं. फोटो बरा होता म्हणायचा.

"दिनकर, नंबर कुठाय रं?"

"कसला नंबर?"

मी ब्लॉकवरून हात फिरवला. नातवाच्या गालासारखा गुळगुळीत!

जावयाला विचारायची सोय नव्हती. इंजिनातल्या माणसानं 'कुठलं इंजिन कुठलं' असं विचारायचं म्हणजे भटजीनं लग्नात 'नवरा कोण' म्हणून विचारण्यासारखं. हेड उघडून बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मोजता आला असता, ते तर माझं जन्माचं काम. पण संदेशनं दोन्हींना परदेशातून मागवलेले गॅस्केट बसवले होते. एकदा उघडले की गेले.

मग मी स्ट्रोक मोजायचं ठरवलं. प्लगच्या भोकातून छत्रीची काडी घातली, क्रँक फिरवला, पिस्टन किती सरकतो ते पाहिलं. पहिल्याचं माप घेतलं. दुसऱ्याचं घेतलं. तंतोतंत सारखं. संदेशला फोन लावून मी अगदी सहज विचारलं, "काय रं, ह्या इंजिनांच्या स्ट्रोकमध्ये फरक किती म्हणायचा?"

"काहीच न्हाय, आप्पा. ह्या दोघांचा स्ट्रोक एकच. बोअर तेवढा चार मिलिमीटरनं वेगळा. तुम्हाला तर ठाऊकच हाय की."

"ठाऊक हाय. तुला ठाऊक हाय का ते बघत होतो."

रात्रभर विचार करून नवमीला सकाळी मला युक्ती सुचली. बोअर मोठा, म्हणजे सिलिंडरमध्ये जागा जास्त. जागा जास्त, म्हणजे तेल जास्त मावणार! प्लगच्या भोकातून तेल ओतायचं आणि मापायचं. शेडमध्ये तेल नव्हतं. स्वयंपाकघरात होतं. बायकोनं कडाकण्या तळायला शेंगतेलाचा डबा काढून ठेवला होता.

"अवो, डबा कुठं निघाला?"

"पूजेला."

पहिल्यांदा ओतलं ते सगळं भोकातून परत बाहेर. सिलिंडर आडवा असतो हे माझ्या लक्षात होतं, हाताच्या लक्षात नव्हतं. मग चेनब्लॉकनं इंजिन कुशीवर उभं केलं. पुन्हा ओतलं. यावेळी तेल आत गेलं आणि भलत्याच वाटेनं बाहेर आलं, कारण व्हॉल्व्ह उघडा होता. ते दारापर्यंत वाहत गेलं आणि बायकोच्या रांगोळीतला मोर पोहायला लागला.

"आक्का येतीया," दिनकर म्हणाला आणि चेनब्लॉकच्या मागं सरकला.

ती आली. मोराकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. "इंजिनाला फोडणी द्यायची ठरलीया का?" एवढंच म्हणाली. "दिनकर, जा, दुसरं तेल घेऊन ये. आणि हारबी आण, एकच आणलाय ह्यांनी."

दिनकर बाजारात गेला. मी एकट्यानं क्रँक फिरवून दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, पिस्टन तळाला नेला, आणि डब्यात उरलेलं तेल फुलपात्रानं मोजलं. मग दुसरं इंजिन टांगून तसंच केलं. आणि खरंच फरक आला! पहिल्यात तेल स्पष्ट जास्त मावलं. पहिलं पंधराशेचं. जन्मात इतका आनंद मला फक्त मुलगी पदवीधर झाली तेव्हा झाला होता. विसरायला नको म्हणून घरात होता तो झेंडूचा एकुलता हार मी पंधराशेच्या गळ्यात घातला, तेल काढून टाकलं, आणि अंघोळीला गेलो. अंघोळ करताना गाणंही म्हटलं.

परत आलो तर पूजा मांडलेली. देवीच्या तसबिरीच्या डाव्या हाताला एक इंजिन, उजव्या हाताला एक. दोघांनाही हळद-कुंकू. दोघांच्याही गळ्यात झेंडूचा हार.

"दिनकर, हे काय केलंस?"

"एक बोडकंच होतं, दाजी. देवापुढं दुजाभाव बरा न्हाय." तो समाधानानं म्हणाला. "आणि मांडणीबी नीट केली. शेजारच्या पोरांनी हात दिला."

"आधी हार कुठल्याच्या गळ्यात होता?"

त्यानं दोघांकडं नीट पाहिलं. "दोन्ही हार ताजेच हायत की, दाजी."

हार ही खूण होती, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. पुन्हा मापावं, तर नवं तेल कढईत पडलं होतं आणि दारात डॉक्टरांचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. ड्रायव्हर कोकणीत म्हणाला, "सायबांनी सांगलां, घेवन बेगीन यो. खंयचें?" खंयचें म्हणजे कुठलं.

मी क्षणभर डोळे मिटले. मग वडीलधाऱ्या माणसाला शोभेल अशा आवाजात म्हटलं, "हे."

टेम्पो गेला. महिन्याभरात डॉक्टरांचा फोन आला. "तुमचे आभार मानायला केला. तेराशेचं इंजिन एवढं पळतं हे मला माहीतच नव्हतं!"

मी खुर्चीत बसलो. आधी उभा होतो.

संदेश आला, तेव्हा त्यानं राहिलेल्या इंजिनाच्या ब्लॉकवर हात फिरवला. "नंबर कुठं गेला, आप्पा?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दिनकरनं घासला रं. भाविक माणूस, काय बोलायचं."

बिचाऱ्या संदेशनं आरटीओत खेटे घातले, रीतसर परवानगी काढली, आणि पंधराशेचा नंबर तेराशेच्या इंजिनावर पुन्हा ठोकून घेतला. आता सरकारी कागदसुद्धा माझ्या बाजूनं खोटं बोलतो.

तेव्हापासून दिनकरला त्या गाडीजवळ फिरकू देत नाहीत. "मामा, दाराला हात लावू नका," असं संदेश हसत हसत म्हणतो, पण म्हणतो. जांबोटीला कुलदेवाला जायचं तर आम्ही गाडीत आणि दिनकर मागून बसनं. बस कधी येते, कधी येतच नाही. मग तो चालत येतो, घामाघूम, आणि आल्या आल्या बॉनेटकडं लांबूनच बघत विचारतो, "कशी वडतीया, दाजी?"

ती वडत नाही. जांबोटीच्या चढाला ती म्हशीसारखी थांबते. पहिल्याच खेपेला संदेश आरशातून मागं बघत म्हणाला, "पंधराशेला एवढं जड जायला नको. वजन झालं असंल का?" बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी दार उघडून उतरलो. गाडी थोडी हलली. तेव्हापासून प्रत्येक चढाला मी उतरतो आणि चालतो. संदेश पाहुण्यांना सांगतो, "आप्पांना चालायची लई हौस. ह्या वयात बघा तब्येत."

यंदा खंडेनवमीला ये म्हणून दिनकरला फोन केला, तर म्हणाला, "नको, दाजी. पूजेला मला लांब उभं करत्यात. इंजिनाला हात लावायचा न्हाय, तर येऊन काय करू?" त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी हे लिहिलं नसतं.

म्हणून, संदेश, हे तुझ्यासाठी. ग्राइंडर माझ्या हातात होता. पुट्टी मी भरली. टेम्पोवाल्याला बोट मी दाखवलं. दिनकरनं फक्त रंग दिला आणि हार घातला, तेही चांगल्या मनानं. यंदा त्याला गाडीत पुढच्या सीटवर बसव, आणि जाताना एकदा बॉनेटही उघडू दे.

माझी जागा गेली तरी हरकत नाही. इतकी वर्षं चढाला चालत होतो, आता उतारालाही चालेन.